पूर्ण वाक्यात उत्तर

हेडफोनमध्ये ताईने आवंढा गिळला.

खोलीत कुणालाही तो ऐकू आला नसता. पण ताईच्या कोटाच्या कॉलरला लावलेल्या माइकने तो बरोबर टिपला आणि वायरीतून आणून थेट बारकीच्या कानात ओतला. एवढासा आवाज, पण कॅमेऱ्याच्या दांड्यावरचा तिचा हात जागीच थांबला. हा आवंढा तिच्या चांगलाच ओळखीचा होता. लहानपणी घरात काही फुटलं, हरवलं, सांडलं की वडील दोघींना समोर उभं करायचे. ताई ताठ उभी राहायची. नजर सरळ, आवाज स्वच्छ, हात पाठीमागे. फक्त बोलण्याआधी तिच्या गळ्यातली गाठ एकदा वर जाऊन खाली यायची, आणि मग ती सांगायची, बारकीने केलं. वडिलांना ती गाठ कधी दिसली नाही, कारण ते ताईच्या डोळ्यांकडे बघत आणि त्या डोळ्यांवर त्यांचा भारी विश्वास. बारकीची उंची तेव्हा ताईच्या गळ्याएवढी होती. तिला गाठच दिसायची. आता पन्नाशी ओलांडलेल्या बाईला बारकी म्हणायचं म्हणजे थट्टाच, पण घरातली नावं अशी चिकटतात की माणूस म्हातारं झालं तरी सुटत नाहीत.

खरं तर हे काम तिने नाकारायला हवं होतं. शाळेच्या कारकुनाचा फोन आला तेव्हा तो आपल्याच नादात होता. आमच्या मुख्याध्यापिका निवृत्त होताहेत, त्यांची एक छान मुलाखत घ्यायची आहे, निरोप समारंभात मोठ्या पडद्यावर दाखवू, नंतर शाळेच्या संकेतस्थळावर कायमची ठेवू, प्रश्न आम्ही देतो, तुम्ही फक्त चित्रित करा. त्याने मुख्याध्यापिकांचं नाव सांगितलं. दोघींची आडनावं वेगळी, त्यामुळे बिचाऱ्याला काहीच कल्पना नव्हती. बारकीने प्रश्न मागवून घेतले. त्यातला एक प्रश्न वाचून तिने कामाला होकार कळवला. 'आईंच्या दीर्घ आजारपणात घर आणि शाळा आपण कशी सांभाळलीत?' कारकुनाने हा प्रश्न आभाळातून आणला नव्हता. ताईच्या प्रत्येक भाषणात ती आई यायची, आणि आईच्या उशाशी बसलेली ताई यायची. समारंभाला सगळे नातेवाईक असणार होते. जे पडद्यावर येईल तेच यापुढे घडलेलं ठरणार होतं. आईचं सगळं केलं ते बारकीने. उठवणं, बसवणं, भरवणं, पुसणं, आणि डोकं ताळ्यावर नसलेल्या बाईशी त्याच त्याच गोष्टी त्याच त्याच शब्दांत बोलणं. गावाबाहेरची कामं सोडली, मग गावातली सोडली, शेवटी लोकांनी विचारणंच सोडलं. हे ताईच्या तोंडून एकदा, एका वाक्यात, पुराव्यासकट हवं होतं. 'आईला बारकीने सांभाळलं.' बस. त्या एका वाक्यासाठी ती दिवे, स्टँड, वायरींची भेंडोळी घेऊन तीन जिने चढून आली होती.

दार ताईनेच उघडलं. सहा वर्षांनी भेटणाऱ्या बहिणीला म्हणावं असं ती काहीच म्हणाली नाही. "बूट बाहेर काढ," म्हणाली. आणि मग, "तुझं नाव कळलं तेव्हा वाटलं, चला, निदान वेळेवर तरी येईल." बारकी वेळेवरच आली होती, त्यामुळे या टोमण्याला उत्तर देता येईना. ताईचे टोमणे असेच असायचे, आधीपासून तपासून लाल शाईने गुण देऊन ठेवलेले. आतल्या खोलीतून भावोजी बाहेर आले, हसले, काय म्हणतेस म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा आत गेले. लग्न झाल्यापासून या दोघींच्या मधे उभं न राहण्यात त्यांनी प्रावीण्य मिळवलं होतं.

मग कामाला सुरुवात झाली, आणि कामात बारकीला कुणाचं ऐकून घ्यावं लागत नाही. आधी तिने ताईची आवडती जागा नाकारली. खिडकीला पाठ करून बसलीस तर तोंड काळं दिसेल, असं तिने सांगितलं आणि त्या वाक्याचा दुसरा अर्थ दोघींनाही ऐकू आला. फिरती खुर्ची काढायला लावली, कारण फिरत्या खुर्चीत माणूस बोलताना नकळत डुलत राहतो. भिंतीपासून खुर्ची पुढे ओढली. मागे पुस्तकांचं कपाट, एका कडेला हिरवं झाड. टेबलावरचं मानचिन्ह ताईने दोनदा चौकटीत सरकवलं, बारकीने दोनदा बाहेर काढलं. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर ठेवायचा असतो, हा या धंद्यातला पहिला धडा. खाली ठेवला तर माणूस मोठा दिसतो, वर ठेवला तर लहान. ताई जन्मभर व्यासपीठावर उभी राहिली, लोकांनी तिला कायम खालून पाहिलं. बारकीने कॅमेरा चार बोटं वर चढवला. दिवा लावला, त्यापुढचं पांढरं कापड मात्र लावलं नाही. उघड्या दिव्यात ताईच्या गळ्यावरच्या सुरकुत्या, डोळ्यांखालच्या पिशव्या, ओठांवरच्या उभ्या रेघा लखलखीत दिसल्या. बारकी पडद्याकडे बघत राहिली. त्या रेघा आईच्या होत्या. जागच्या जागी, तंतोतंत. तिने मुकाट्याने कापड लावलं. कॅमेरा मात्र वरच ठेवला.

"फ्रीज बंद करावा लागेल," ती म्हणाली. "त्याची घरघर माइकमध्ये येते."

"आत दूध आहे. तासाभराने काय होईल त्याचं?" आतून भावोजींचा आवाज आला.

"काही होत नाही दुधाला," ताई म्हणाली. "तुम्ही तिथेच बसा आणि खोकू नका."

बारकीने आत जाऊन फ्रीजचं बटण बंद केलं आणि गाडीची किल्ली त्यात, दुधाच्या भांड्याशेजारी ठेवली. भावोजी बघतच राहिले. तिने त्यांना समजावलं की निघताना फ्रीज पुन्हा चालू करायचं हमखास राहून जातं, लोकांचा माल नासतो, शिव्या खाव्या लागतात. किल्ली आत असली की घरी जाताच येत नाही. भावोजींना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी ती ताईला जाऊन सांगितली. ताई म्हणाली, "म्हणजे हिला घरी जायची आठवण फ्रीजने करून द्यायची."

माइक लावताना तिला ताईच्या अंगाला हात लावावा लागला. वायर कोटाच्या आतून घेऊन कॉलरच्या कडेला चिमटा बसवायचा, कापड घासणार नाही असं बघायचं. ताईने मान वर करून छताकडे पाहिलं. साबणाचा वास तोच होता. एकाच पलंगावर झोपायच्या तेव्हा याच वासाला पाठ करून बारकी भिंतीकडे तोंड करायची. ताईच्या गळ्याची शीर उडत होती. घाबरली आहे, हे बारकीच्या लक्षात आलं आणि तिला बरं वाटलं. हे बरं वाटणं तिने लपवलंही नाही.

"लेन्समध्ये बघायचं नाही," तिने खुर्चीत बसत सांगितलं. ती कॅमेऱ्याला अगदी खेटून बसली होती. "माझ्याकडे बघायचं. शेवटपर्यंत माझ्याच डोळ्यांकडे. नजर इकडेतिकडे गेली की माणूस खोटा वाटतो. आणि माझे प्रश्न नंतर कापले जाणार आहेत, माझा आवाज कुठेही येणार नाही. म्हणून प्रश्न उत्तरात घेऊन बोलायचं. मी विचारलं की शाळेत कधी लागलात, तर नुसतं साल सांगायचं नाही. मी शाळेत अमुक साली लागले, असं पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं."

ताई पहिल्यांदाच हसली. "हे तू मला शिकवणार?"

खरंच होतं ते. पूर्ण वाक्यात उत्तर ही ताईचीच शिस्त. लहानपणी ती बारकीला अभ्यासाला बसवायची, हातात पट्टी घेऊन. फळाचं नाव विचारलं आणि बारकीने नुसतं नाव सांगितलं तर पट्टी टेबलावर आपटायची. पूर्ण वाक्यात. दारावर थाप मारून बारकीने 'मी' म्हटलं तर दार उघडायचं नाही. मी कोण? मी हे काय उत्तर झालं? मी तर सगळेच असतात. बारकी बाहेर उभी राहून रडकुंडीला यायची आणि शेवटी आई उठून दार उघडायची, नाव न विचारता.

सुरुवातीचे प्रश्न सुरळीत गेले. ताई बोलत होती, छान बोलत होती, वाक्यं उचलून घ्यावीत इतकी स्वच्छ. बारकी तिला 'तुम्ही' म्हणत होती. व्यावसायिक पद्धत आहे, असं तिने सांगितलं होतं. ताईने खांदे उडवले होते. बारकी प्रश्न विचारायची, तोंड मिटायची, आणि मान डोलवायची. हाही धंद्यातला धडा. समोरचा बोलत असताना हं म्हणायचं नाही, हो का म्हणायचं नाही, हसायचंसुद्धा नाही, आवाज मिसळतो. पण समोरच्याला आपण ऐकतोय हे कळलं पाहिजे, नाहीतर तो सुकत जातो. म्हणून मान. इतकी वर्षं तिने अशी मान डोलवली होती, पुढाऱ्यांच्या थापांना, व्यापाऱ्यांच्या त्यागाच्या गोष्टींना, की आता समोर कुणी तोंड उघडलं की मान आपसूक हलायची.

मग तो प्रश्न आला, आणि हेडफोनमध्ये ताईने आवंढा गिळला.

"आईच्या आजारपणात घर आणि शाळा या दोन्ही आघाड्या मी कशा सांभाळल्या, याचं मलाच नवल वाटतं," ताई म्हणाली. नजर सरळ बारकीच्या डोळ्यांत. "शाळा सुटली की मी थेट आईकडे जायचे. तिला भरवायचे, तिच्याशी बोलायचे. शेवटी आईच्या उशाशी मीच होते."

बारकीची मान हलली. हलून गेल्यावर तिला कळलं. वर, खाली, पुन्हा वर. एखाद्याने आपल्याच हाताने आपल्या थोबाडीत मारून घ्यावी तसं तिला झालं. ताईने ती मान पाहिली होती. ताईच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल पडलं, जणू बारकीने सही करून दिली.

"पुन्हा घेऊ," बारकी म्हणाली. "बाहेर हॉर्न वाजला."

हॉर्न वाजला नव्हता. ताई पुन्हा बोलली. या वेळी 'याचं मलाच नवल वाटतं' गळलं आणि आईचा कृश हात आला. बारकीने मान घट्ट धरून ठेवली. मानेच्या शिरा दुखायला लागल्या. पुन्हा घेऊ, घड्याळाचा पट्टा टेबलाला लागला. ताईने घड्याळ काढून ठेवलं. तिसऱ्या वेळी आई ताईला म्हणाली होती की तू आहेस म्हणून मी आहे, आणि ताईचा आवाज नेमक्या जागी कापला. बारकीला वाटलं होतं, पुन्हा पुन्हा बोलायला लावलं की खोटं उसवत जाईल, एक टाका निघाला की बाकीचे निघतील. झालं उलटंच. प्रत्येक वेळी ते अधिक घट्ट विणलं जात होतं. तिसरा टेक सुरेखच झाला होता. समारंभात बायका डोळे पुसणार होत्या. आणि तो घडवला कुणी, तर तिनेच, गुंजभर सोन्यासाठी सोनाराने घ्यावी तेवढी मेहनत घेऊन. संतापाने तिचे कान तापले. हेडफोन कानांवर गरम झाले.

"आता कशाने बिघडलं?" ताईने विचारलं.

"कोण होतं तिथे?" बारकी म्हणाली. 'तुम्ही' गळून पडलं होतं. "दोन वर्षं कोण होतं ताई? तू रविवारी यायचीस. पर्स मांडीवर घेऊन बसायचीस. आईला भरवायची वेळ आली की तुला फोन यायचा."

"तुझा आवाज येतोय रेकॉर्डिंगमध्ये."

"येऊ दे."

"कापशील म्हणा. तुझ्या हातात आहे." ताईने खुर्चीच्या हातावर बोटं आवळली. नजर अजून हलली नव्हती; सांगितल्याप्रमाणे ती बारकीच्याच डोळ्यांत बघत होती, आणि बारकीला आता ते सोसवेना. "मी सांभाळलं नाही आईला. तूच सांभाळलंस, आणि वर्षानुवर्षं माझ्या डोक्यावर मिरे वाटलेस. प्रत्येक फोनवर तुझा तो थकलेला आवाज. मला ऐकवण्यासाठी मुद्दाम थकवलेला. पण शेवटच्या दिवशी तू नव्हतीस."

"मला एक काम आलं होतं. दोन वर्षांत पहिलं. मीच तुला फोन केला, दुपारभर बस म्हणून."

"बसले ना. तेच सांगतेय. तुला पूर्ण वाक्य हवं आहे? प्रश्न उत्तरात घेऊन? घे." ताई ताठ झाली. "शेवटच्या दिवशी आईजवळ बारकी होती."

आणि तिने आवंढा गिळला. हेडफोनमध्ये तो खोल विहिरीत दगड पडावा तसा वाजला.

"असं आईला वाटलं," ताई म्हणाली. "तिने माझा हात धरला आणि म्हणाली, बारके आलीस. मी सांगितलं, आई मी थोरली. ती म्हणाली, बारके. मी पुन्हा सांगितलं. स्वच्छ, मोठ्याने, नाव घेऊन. तीही पुन्हा म्हणाली. तुझ्यासारखीच, पुन्हा घे, पुन्हा घे. शेवटी मी ओ दिली. मी म्हटलं, हो, मी बारकी. मग तिने डोळे मिटले. समाधानाने मिटले बरं का, तुझ्या. मी तिथे होते आणि मी तिथे नव्हते. एवढी वर्षं मी लोकांना सांगते की शेवटी मी होते, तर तुझ्या पोटात का दुखतं? तुझं काय नेलं मी? तुझं सगळं तुझ्याकडेच आहे. ती मेलीसुद्धा तुझ्याकडे."

आतल्या खोलीत भावोजी खोकले. तोंडावर हात दाबून खोकले असावेत.

हा आवंढा खोट्याआधीचा नव्हता. बारकीला ते लगेच कळलं, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. ताईने सांगितलेलं खोटं असतं तर सोपं होतं. इतकी वर्षं तिने ताईच्या त्या दुपारचा हेवा केला होता. आयुष्यभर राबायचं एकीने आणि शेवटचा हात धरायचा दुसरीने, असं म्हणून रात्र रात्र तळमळली होती. आता तो हात परत मिळाला होता, तोही ताईने तोंडावर फेकून मारावा तसा. तिला काहीतरी बोलायला हवं होतं. मऊ काहीतरी, निदान मला माहीत नव्हतं एवढं तरी. तिच्या घशाशी आलंही होतं. पण ताई म्हणाली, "आता हे काप. आणि तो तिसरा चांगला झाला होता, तोच ठेव." घशाशी आलेलं पुन्हा खाली गेलं.

"खोलीचा आवाज घ्यायचा राहिलाय," बारकी म्हणाली.

"म्हणजे?"

"मिनिटभर कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. रिकाम्या खोलीचाही आवाज असतो, तो नंतर कापलेल्या जागांखाली घालावा लागतो. नाहीतर कापलेलं कळतं."

"हाताची घडी, तोंडावर बोट," ताई म्हणाली, आणि खरंच हाताची घडी घालून बसली.

दोघी बसल्या. उठून जाता येत नव्हतं, तोंड फिरवता येत नव्हतं. कापड सळसळलं असतं. बारकीच्या कानात ताईचा श्वास येत होता, नाकातून, मधेच अडकणारा. एकाच पलंगावर तिने हा श्वास किती ऐकला होता. ताई झोपली की नाही हे त्यावरून ओळखायची ती. बाहेर कुणीतरी जिना चढून गेलं. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं की दिव्याची चमक, हे कळायला मार्ग नव्हता आणि बारकीने तो शोधलाही नाही. मिनिट झालं तसं तिने पुढे होऊन बटण दाबलं, ताईच्या कॉलरवरचा माइक काढला, आणि या वेळी तिचं बोट ताईच्या गळ्याला लागणार नाही याची दोघींनी काळजी घेतली.

बारकीने सामान आवरलं. येते असंही ती म्हणाली नाही. बूट चढवून, पिशव्या खांद्याला अडकवून जिना उतरू लागली. मधल्या वळणावर तिला पुढे जाववेना. तिने कॅमेरा काढला, हेडफोन लावले आणि ती जागा शोधली. छोट्या पडद्यावर ताई, चार बोटं वरून पाहिलेली, थोडी लहान, नजर सरळ. 'शेवटच्या दिवशी आईजवळ बारकी होती.' बोट दाबून तिने चित्र थांबवलं. ओठ मिटलेले, आवंढा यायचा होता. कापायला याहून चांगली जागा मिळत नाही. वाक्य संपलेलं, आवाज खाली आलेला, पुढे श्वासभर मोकळं. प्रश्न नको, खुलासा नको. खाली मिनिटभराची शांतता होतीच घालायला. तिला हवं होतं ते वाक्य तिच्या हातात होतं. उलट त्याहूनही मोठं, ताईच्या तोंडून, ताईच्या डोळ्यांसकट. फक्त ते खरं नव्हतं. बारकी तिथे नव्हती. तिने ते पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा ऐकताना तिला जाणवलं की आपण मान डोलवतो आहोत.

गाडीजवळ पोचून तिने खिसे चाचपले तेव्हा किल्ली आठवली. सामान तिथेच भिंतीला टेकवून, कॅमेरा गळ्यात ठेवून ती पुन्हा तीन जिने चढली. दारावर थाप मारली.

"कोण?" आतून ताईचा आवाज.

"मी."

"मी कोण?"

ताईला आवाज ओळखू आला नव्हता असं नाही. बारकीने दाराच्या लाकडाकडे पाहिलं. एका शब्दाचं उत्तर होतं. तिने ते दिलं नाही. "किल्ली राहिली," ती म्हणाली.

दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून ताईचा हात आला, हातात किल्ली. किल्ली थंडगार होती, ताईची बोटंही. दोघींपैकी कुणी लगेच सोडली नाही.

"ते कापशील ना?" ताईने विचारलं.

"कापीन."

"कुठून?"

"तू आवंढा गिळलास तिथून."

ताईने आयुष्यभर मुलांची वाक्यं तपासली होती. कुठे काय तोडलं की मागे काय उरतं, हे तिला सांगावं लागत नव्हतं. तिने मनातल्या मनात ते वाक्य म्हणून पाहिलं असावं, कारण तिचे ओठ किंचित हलले. गळ्यातली गाठ वर गेली आणि खाली आली.

"ते खोटं होईल, बारके," ती म्हणाली.

"पूर्ण वाक्य आहे," बारकी म्हणाली आणि किल्ली ओढून घेतली.

दार बंद झालं. आत फ्रीज केव्हाच चालू झाला होता. त्याची घरघर बंद दारातूनही येत होती. आता काही पुन्हा घ्यायचं म्हटलं असतं, तरी ते आधीच्याशी जुळलं नसतं.